अंतर, मीटरमध्ये

फॉर्ममध्ये एक रकाना आहे: अंतर, मीटरमध्ये.
बाबांनी तिथं सहा वर्षं हाका लिहिल्या.
आमच्याकडं अंतर तसंच मोजतात.
रानबोकड निघून गेले की मी त्या खडकापर्यंत चालत जायचे,
तिथून ओरडायचे,
ऐकू आलं की बाबा टोपी उंचावायचे.
पहिल्या वर्षी: एक हाक.
मग दीड.
गेल्या वर्षी त्याच खडकांसमोर: तीन.

बिश्केकच्या ऑफिसनं कागद परत पाठवले,
तिनाभोवती लाल गोल.
कळप दूर चाललाय का? खुलासा करा.
सोबत आठ हजार सोम.
दुर्बीण घ्या, लेझर घ्या, पावती आणा.

म्हणून आज नारिनमध्ये, एमिलबेकच्या दुकानात.
काडतुसं, गमबूट, माशांचे गळ,
काचेच्या कपाटात चार दुर्बिणी,
किमतीची चिठ्ठी प्रत्येकीच्या पोटाखाली.

"दहा बाय पन्नास घे, सैरागुल.
चंद्रावरचे खड्डे दिसतील."
खड्डे काय करायचेत मला?
पहाटे साडेपाचला, घोड्यावरून उतरल्या उतरल्या,
छातीत धाप असताना
खडकाच्याच रंगाची शिंगं मोजायची आहेत.
दहापट बोकड म्हणजे
हाताची थरथरही दहापट.

मी आठची उचलते,
हातभर लांब धरून उजेडाकडं करते.
भिंगात उजेडाचे दोन ठिपके, गोल हवेत.
पहिलीचे कडेनं छाटलेले निघतात,
कापलेल्या नखासारखे.
दुसरीचे गोल. चाक मात्र
टोमॅटोच्या बरणीच्या झाकणासारखं बसलेलं.
"वापरून सैल होतं," एमिलबेक म्हणतो.
जानेवारीत, लोकरी हातमोज्यात,
कोण कुणाला सैल करतं ते बघू.
तीन हजार नऊशे.

नवा लेझर साडेसात हजारांचा, तेव्हा तो विषय संपला.
जुना एक आहे, बत्तीसशे.
कुणा कोरियन साहेबाचा, गोल्फचा.
"गोल्फचा म्हणजे?"
"मागं झाडं असली तरी पुढचा झेंडा धरतो.
जवळचं आधी मोजतो."
शिकाऱ्यांचं यंत्र उलटं असतं,
पुढचं गवत सोडून मागचं जनावर धरतं.
आमच्या डोंगरावर प्रत्येक बोकडापुढं एक झुडूप.
या यंत्रानं मी सगळी झुडपंच मोजून पाठवीन.

तरी दारात उभी राहते,
नदीपलीकडच्या टेकडीवर नेम धरते, बटण दाबते.
अडतीस.
पुन्हा दाबते. अडतीस.
डोळा हलवते तेव्हा दिसतं:
मध्ये बाबा आहेत.
साम्सावाल्याच्या भट्टीजवळ, बाकावर,
माझ्याकडं पाठ, कागदात गुंडाळलेला घास.

"बाबा!"
रस्त्यात गाडी नाही, वारा नाही.
"बाबा!"
साम्सावाला बघतो.
एक कुत्रं बघतं.
तिसऱ्यांदा मी डोंगरावर ओरडते तशी ओरडते,
आणि बाबा कागद उलगडून
तळाशी उरलेला कांदा शोधत राहतात.

अडतीस मीटर.
तीन हाका.

एमिलबेक आतून विचारतो, घेतेस ना?
घेते म्हणते. दोन्ही.
झुडपांचं काय ते मी बघीन,
बाजूला सरकून, गुडघ्यावर बसून.
उरलेल्या नऊशेंची पावती कशाची आणायची
हे ऑफिसनं लिहिलेलं नाही.

रस्ता ओलांडताना बटण दाबत जाते.
एकतीस. बावीस. चौदा.
बाबांची टोपी भिंगात मावेनाशी होते.
नऊ.
पाचाच्या आत यंत्र काही सांगत नाही,
नुसत्या दोन आडव्या रेघा.

खांद्यावर हात ठेवते. दचकतात.
मग दुर्बीण घेऊन फिरवून बघतात.
"चाक घट्ट आहे," म्हणतात,
जरा जास्तच मोठ्यानं.