झडपेचं माप

मंगरूळच्या रस्त्याला, धर्मकाट्यापलीकडे
सोयाबीनचं तेल काढणारा आमचा कारखाना.
मे महिना. पत्र्याला बोट लागलं तर कातडं सुटतं.
टाकीत तेल आणि हेक्झेन, एकमेकांत मुरलेले,
आणि माझ्या वहीत पेन्सिलीने लिहिलेलं:
खाली आग लागली, तर वर भोक किती?

पाणी असतं तर निभलं असतं.
पाणी एका अंशावर उकळतं
आणि शेवटच्या थेंबापर्यंत शब्दाला जागतं.
मिश्रणाचं तसं नाही.
हलकं आधी निघून जातं, अधीर,
उरलेलं जड होतं, त्याला आणखी ताप लागतो,
दर मिनिटाला टाकीत वेगळंच काही उकळत असतं
आणि मला शोधायचं असतं
यातलं सगळ्यात वाईट मिनिट.
पहिलं नव्हे. शेवटचंच असेल, असंही नाही.
तेवीस ओळी भरल्या.

वामनराव नाखले डोकावले. बॉयलरवर अठ्ठावीस वर्षं.
"मॅडम, काहून एवढं गणित करून राह्यल्या?
सगळ्यात मोठी झडप बसवा ना बाप्पा!"
मोठी धडधडते, काका.
उघडते, मिटते, उघडते,
आपटून आपटून स्वतःचंच तोंड फोडून घेते.
"म्हंजे आमच्या सरपंचावानी," म्हणाले, आणि गेले.

मग आईच्या शेगडीमागची भिंत आठवली.
कुकरच्या उंचीवर पिवळे डाग, वर्षानुवर्षांचे.
शिट्टीतून नुसती वाफ कधी आलीच नाही,
तुरीचं वरणही यायचं फेसात बसून.
वाफेपुरतं भोक फेसाला पुरत नाही.
आधीचं पान खोडलं.
दीड इंचाचे तीन झाले.

चार वाजता शिडी चढले.
जुन्या झडपेच्या दांडीला
तारेने बांधलेली अर्धी वीट.
"म्याच लावली," खालून वामनराव.
"रातभर सुईसुई करे, वास सुटे,
रातपाळीच्या पोट्ट्याइचं डोस्कं दुखे."
कधीपासून?
"पोळ्याच्या आंधी."

नऊ महिने.
तार सोडताना पान्हा दोनदा हातातून निसटला.

वीट आता माझ्या टेबलावर आहे, त्या तेवीस ओळींवर.
कँटीनच्या तराजूत चौदाशे ग्रॅम भरली.
कोणत्या सूत्रात घालू हा आकडा?

सुट्टीच्या भोंग्यानंतर ते दारात उभे, टोपी हातात.
"अन् आज राती पुन्हा सुईसुई करन तं?"

करू द्या, म्हटलं.
मला उठवा.