छातीच्या उंचीवर

झाडाचा घेर मोजायचा तो छातीच्या उंचीवर,
पहिल्याच तासाला फळदेसाई सरांनी सांगितलं.
छातीची उंची म्हणजे एकशे सदतीस सेंटिमीटर.
कुणाची छाती, ते कुठल्याच टिपणात नाही.
माझ्या ती हनुवटीला लागते.
म्हणून एम.एस्सी.ची दोन वर्षं
नेत्रावळीचं रान मी
हनुवटी टेकवून मोजलं.

ऐन आला की कपाळ खरचटायचं.
इथे त्याला माट्टी म्हणतात.
मगरीच्या पाठीसारखी साल,
भेगाभेगांतून मुंग्यांची ये-जा
आणि पोटात म्हणे पाणी, ऐन उन्हाळ्यात.

मी ओरडायचे, मर्लिन लिहायची.
किंदळ, अठ्ठ्याण्णव.
जांबा, एकशे चार.
नाणा, एकशे एकोणचाळीस, अंग अगदी गुळगुळीत.
कुंभा, पोकळ. आत कोण राहतं ते लिहायचं का?
रकाना नाही गं, मर्लिन म्हणायची,
शेऱ्यात घालते, बारीक अक्षरात.

शेऱ्यांची मग वेगळीच वही झाली.
प्लॉट चार: जळवा, मोजणाऱ्यांपेक्षा जास्त.
प्लॉट नऊ: गव्याचं शेण, अजून वाफ येते आहे.
प्लॉट अकरा: शेंदराचा दगड. टेप वळसा घालून नेली.
प्लॉट बारा: मर्लिन रडली. कारण विचारलं नाही.

टेपचं दुसरं टोक वेर्ल्याच्या शाबा वेळीपाच्या हातात,
रोजंदारीवर, विडी कानामागे.
मुलगा वनरक्षकाच्या परीक्षेला बसलाय,
त्याचं उत्तीर्णांच्या यादीत नाव बघशील का, एवढंच त्याचं मागणं.
एकदा मी पांढऱ्या रंगात सतरा लिहीत होते,
सातच्या पोटात आडवी रेघ, शाळेतल्या सिस्टरनं शिकवलेली.
त्यानं ब्रशकडे बघितलं.
"रुखाक नंबर कित्याक, बाय?"
पुढच्या वर्षी हेच झाड सापडावं म्हणून, मी म्हटलं.
तो विडी पेटवायला थोडा लांब गेला, तिथूनच म्हणाला,
"फाटल्या खेपेक नंबर घाले, मागीर रस्तो आयलो."

तोवर मला वाटायचं, मोजणं म्हणजे राखणं.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत
कार्यालयातून फोन आला, तुमची आकडेवारी फार व्यवस्थित आहे,
प्लॉट चौदा ते वीसची प्रत पाठवा.
पाठवली. व्यवस्थित म्हटल्याचा आनंदही झाला.
महिन्याभराने गेलो तर
माझ्या पांढऱ्या सतराखाली
कुणीतरी तांबड्यात लिहिलं होतं, घनमीटर.
माझाच घेर, माझीच उंची,
फक्त गुणाकार त्यांचा.
आडव्या रेघेचा सात माझ्याकडे बघत राहिला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं,
व्यवस्थापनाची व्याख्या?
मी सांगितली, पुस्तकातली, स्वल्पविरामासकट.
जैवविविधतेचे तीन स्तर?
तेही सांगितले.
चौथा विचारला असता तर
शेऱ्यांची वही होती पिशवीत.
त्यांना जेवायला उशीर होत होता.

निकालानंतर मी एकटीच वेर्ल्यापर्यंत बसने गेले.
शाबाच्या मुलाचं नाव प्रतीक्षा यादीत, आठवं.
हे त्याला सांगायचं होतं, पण तो मिरच्या विकायला सांग्याला गेलेला.
मग आपोआप पाय प्लॉटकडे वळले.
सतरा उभा होता.
दोन्ही रंग पावसाने थोडे फिके झालेले,
तांबडा जरा जास्तच, की मला तसं हवं होतं.

टेप काढली. हनुवटी टेकवली.
एकशे बावीस पूर्णांक सहा.
पहिल्या वर्षी एकशे बावीस होतं.
म्हणजे माझ्या अख्ख्या शिक्षणात
सहा मिलिमीटर.

लिहायला मर्लिन नव्हती.
ती आता पर्वरीला, नकाशांच्या खोलीत.
टाचेवर काहीतरी गार वळवळलं, जळूच असणार,
ती काढायला खाली वाकण्याआधी
मी वहीत तारीख टाकली,
प्लॉट क्रमांक, झाड क्रमांक,
आणि शेऱ्यात, या वेळी मोठ्या अक्षरात:
आहे.