दोन बोटं

ग्रामसेवकाच्या वहीत भागाकार सरळ होता:
टँकर पाच हजार लिटरचा,
ड्रम दोनशेचा,
घरं पंचवीस.
बाकी शून्य.
खाली सही, तारीख, आणि चहाचा एक गोल डाग.

पण ढवळेवस्तीवर रोज
चोविसावा ड्रम भरता भरता
माझा पाइप खोकायला लागायचा.
पंचविसावं घर पंचफुलाबाईचं, बाभळीच्या पलीकडं.
तिच्या वाट्याला अर्धी घागर,
तीही टाकीच्या बुडाची, गढूळ.

"बशीर वाटेत विकतोय,"
पिठाच्या गिरणीवर ठरलं.
एकानं तर टँकरच्या मागं मोटारसायकल घातली
पाटोद्याकडच्या विहिरीपासून वस्तीपर्यंत.
अठरा किलोमीटर धूळ खाल्ली त्यानं,
थेंब गळताना दिसला नाही.
तरी म्हणाला, बघू उद्या.

मग एका दुपारी
तसलाच एक ड्रम मी माझ्या अंगणात उभा केला.
मंडपवाल्याकडून वीस लिटरचे दहा जार उसने आणले, भरलेले.
एकेक ओतत गेलो,
बायको मोठ्यानं मोजत होती, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं.
दहावा संपला.
ड्रम अजून आ वासून,
काठाखाली दोन बोटं मोकळा.
बायको म्हणाली,
"तुमच्यापेक्षा हाच लबाड."

पाणी परत जारांत भरलं, ड्रम उपडा केला.
बुडाशी प्लास्टिकात उठलेली अक्षरं,
चिखल खरवडून वाचली:
पंचावन्न गॅलन.

जिनिंगमधे इंजिन चालवलेले रंगनाथराव
कानामागची बिडी काढत म्हणाले,
गॅलन म्हणजे साडेचार लिटर, वर तीन चमचे.
आमचं ऑइल त्यावरच यायचं.
केला गुणाकार. अडीचशे!
अडीचशेचे तर वीसच ड्रम भरले असते,
मी तर चोवीस भरत होतो.
म्हणजे चार ड्रम पाणी कुठून आणत होतो मी?
चोराचा एका रात्रीत
चमत्कारी बाबा झालो.

शेवटी जालना गाठलं.
हे निळे ड्रम वस्तीला विकणारा हबीब
भंगाराच्या ढिगावर बसून हसला:
"गॅलन दोन असतात, मियाँ.
एक इंग्रजाचा, अंगानं भरलेला.
एक अमेरिकेचा, पावणेचारच्या जरा वर.
तुमचा ड्रम अमेरिकेचा. दोनशे आठ लिटर.
आम्ही बोलताना दोनशेच बोलतो.
वरचे आठ कोण बोलतंय?"

वरचे आठ कोण बोलतंय.
परतीच्या रस्त्यावर
स्टिअरिंगवर बोटानं हिशोब मांडत आलो.
चोवीस घरं, घरामागं आठ:
एकशे ब्याण्णव.
माझ्या बुडाचे गढूळ आठ.
झाले दोनशे.
पंचफुलाबाईचा अख्खा ड्रम
वस्तीभर वाटला गेला होता,
घेणाऱ्याला न कळता.

लाल ऑइलपेंटचा डबा आणला, एक लिटरचा
(वर लिहिलंय तसं; आता कशाचा भरवसा).
प्रत्येक ड्रमाच्या आत, काठाखाली दोन बोटं,
रेघ.
सातव्या घरानं ती ओली असतानाच पुसली.
कुशावर्ताबाई म्हणाली, तुझी बोटं जाड आहेत,
माझ्या बोटांनी मोज.
मोजली. चार दिवस वाद चालला
बोटांवरून.

पाचव्या दिवशी पाइप बाभळीपलीकडं नेला.
पाणी चढत गेलं, चढत गेलं,
लाल रेघेला टेकलं, आणि माझी टाकी संपली.
पंचफुलाबाईनं पदर खोचला,
ड्रमात वाकून स्वतःचं तोंड पाहिलं.
मग विचारलं,
"मला घागर कळते, कळशी कळते, तांब्या कळतो.
ते गॅलन गॅलन म्हणतात, ते केवढं असतं रे?"

मी दोन बोटं
आडवी धरून दाखवली.