गळका उजेड

दुकान चारला बंद होणार होतं, शनिवार होता,
आणि बाहेर किरुनात रात्र कधी सुरू झाली
हे विचारण्यात अर्थ नव्हता. डिसेंबर.
सूर्य आता नव्या वर्षातच.

घरचा प्लाझ्मा परवा मेला.
चौदा वर्षं चालला. शेगडीसारखा तापायचा,
मांजर त्याच्या मागे निजायचं, आणि विजेचं बिल बघून
हिल्डिंग म्हणायचा, आपण बातम्या बघतो की भाजतो?
प्लाझ्मा आता कोणीच बनवत नाही, दुकानातली मुलगी म्हणाली,
दूरच्या नात्यातल्या मयताची खबर द्यावी तसं.
तिचं नाव टिंड्रा. नखांवर निळी नक्षी.

भिंतभर पडदे, सगळ्यांवर एकच पोपट.
एकात तो हिरवा, एकात फार हिरवा,
एकात इतका हिरवा की मला त्याची काळजी वाटली.

"हा ओलेड. यात प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो
आणि स्वतःच विझतो. म्हणून काळा म्हणजे अगदी काळा."
तिनं बटण दाबलं. पोपट गेला.
भिंतीला भोक पडल्यासारखं झालं.
"बघा. शून्य उजेड."

हिल्डिंगनं टोपी काढली.
एकतीस वर्षं तो जमिनीखाली लोखंड काढत होता.
मी बेकरीत होते, मला पीठ कळतं;
त्याला काळा कळतो.
तो पडद्याच्या इतका जवळ गेला की टिंड्रा चुळबुळली.
"चांगला आहे," तो म्हणाला. "पण यात पाणी ठिबकत नाही."

मी हिशेबी बाई. विचारलं, जूनचं काय?
मध्यरात्री ऊन थेट सोफ्यावर येऊन बसतं आमच्याकडे,
तेव्हा तुझ्या या शून्यात मला माझंच तोंड दिसणार.
मग एलईडी घ्या, ती म्हणाली, त्याला मागून दिवे असतात,
उन्हाला पुरून उरतो. फक्त
(इथे तिनं आवाज खाली आणला)
ते दिवे पुरते विझत नाहीत. अंधाराचा प्रसंग आला
की कोपऱ्यांतून उजेड जरा गळतो.

सहा महिने हा, सहा महिने तो,
असं भाड्यानं मिळतं का?
ती हसली. मी हसले नव्हते.

ओलेडचं आणखी एक होतं:
एकच चित्र फार वेळ एकाच जागी राहिलं,
वाहिनीचं चिन्ह, हॉकीचा गुणफलक,
तर त्याचा ठसा उरतो.
वरचं चित्र बदललं तरी खालून दिसत राहतो.
"कायमचा?" हिल्डिंगनं विचारलं.
"कधी कधी."

तो गप्प झाला. कुठे गेला ते मला माहीत होतं:
सत्त्याऐंशी साली, खाली, त्या आडव्या बोगद्यात,
जिथं आधी सिक्स्टेनचा दिवा विझला
आणि मग बऱ्याच वेळानं सिक्स्टेनची हाक.
जेवताना अजूनही मधेच थांबतो, चमचा हवेत.
मी मिठाची डबी पुढे सरकवते.
मीठ नको असतं त्याला.

"तो गळका द्या."
टिंड्राला वाटलं, म्हाताऱ्याला समजलं नाही.
तिनं पुन्हा सांगितलं, काळ्याच्या जागी करडा दिसेल, बरं का.
"समजलं. कोपऱ्यातून येतो ना? येऊ दे."

खोकं डिकीत मावेना. तिरकं घातलं,
मागचं दार अर्धं उघडं, दोर माझ्या हातात,
उणे एकवीस, आणि तो सावकाश चालवतो म्हणजे किती सावकाश!
पैसे तीन हजारांनी वाचले, हे मी रस्ताभर सांगत होते.

रात्री लावला. कोणीतरी पोलीस तळघरात उतरत होता.
पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, दाराखालून यावी तशी
एक फिकी रेघ.
हिल्डिंग तिच्याकडेच बघत होता, पोलिसाकडे नाही.
खून कोणी केला, ते मी त्याला नंतर सांगितलं.

मांजर मागे जाऊन आलं. पंजा लावून बघितला: गार.
आमच्या दोघांकडे एकेकदा बघून
ते स्वयंपाकघरात निघून गेलं.