शिवडीच्या गोदामात रिओहा

गोदामात चौदा अंश. बाहेर ऑक्टोबर.
मी स्वेटर घालून बाटल्यांच्या पाठीवर चिकटवते
आयातदाराचं नाव, किंमत, आणि तो इशारा
जो कुणी वाचत नाही.
स्टिकर तिरका गेला की खरवडावा लागतो,
खरवडताना खालचं लेबल वाचलं जातं.
असा शिकले मी एक मुलूख, नखांनी.

रिओहा. 'रिओजा' म्हणालीस तर पगार कापीन,
मेंडोन्सा सर पहिल्याच दिवशी म्हणाले.

एकच नदी, एब्रो. द्राक्षही बहुतेक एकच,
त्याच्या नावातच 'लवकर' आहे,
शेजारणींच्या आधी पिकतं म्हणून.
तरी पश्चिमेकडची, आरो गावाची बाटली
जिभेच्या कडा आवळून धरते,
करवंद लाल असतानाच तोडावं तशी.
समुद्र तिथून शंभरेक किलोमीटर, डोंगरापल्याड,
पण त्याचा गारवा खिंडीखिंडीतून येतो.
ढग मात्र कांताब्रियाच्या भिंतीशी ओझं उतरवतात
आणि अलीकडे हात हलवत येतात.
हे मला नव्यानं शिकावं लागलं नाही.
घाटाच्या या अंगाला भात, त्या अंगाला बाजरी:
भूगोलाच्या बाईंनी एवढंच काय ते नीट शिकवलं होतं.

भिंतीच्या पायथ्याशी पायऱ्यापायऱ्यांची रानं,
चुनखडीची पांढरट माती.
त्या बाटलीला ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीचा वास.

आणि खाली पूर्वेला अल्फारो,
देवळाच्या छपरावर करकोच्यांची घरटी,
नदीनं टाकून दिलेले गोटे
दिवसभर तापतात, रात्री वेलींना शेकतात.
ती बाटली ऐसपैस. घोटभर घेतली
की छातीत कुणी कंदील मोठा केल्यासारखं.

हे सगळं मी पाहिलेलं नाही.

बाबा भांडुपच्या मिठागरात बत्तीस वर्षं.
चिमूट जिभेवर ठेवून सांगायचे
कोंडी कुठली, वारा कुठला होता,
उधाणाचं पाणी किती दिवस कोंडलेलं.
त्या कोंड्यांत आता शेवाळ.
परवा विक्रेत्यांचं प्रशिक्षण संपल्यावर
उरलेलं मी खोकल्याच्या औषधाच्या
तीन बाटल्यांत भरून घरी नेलं.

अकरा वर्षं झाली, ते पीत नाहीत.
करंगळी बुडवली फक्त.
पहिलीला म्हणाले, "यो वारा खाऊन आयलाय."
तिसरीला, "याला ऊन जास्त जाला."
मधलीपाशी थांबले. पुन्हा बुडवली.
मी लेबलवरचं सांगितलं, पांढरी माती,
डोंगराच्या अंगावर पायऱ्या.
"मंग त्यांचे बांद कोन धरतंय गो?"

दुसऱ्या दिवशी खोकीच्या खोकी पालथी घातली.
समुद्रसपाटीपासून उंची आहे.
माती आहे, वारा आहे,
ओकच्या पिंपात किती महिने, तेही आहे.
मेंडोन्सा सरांना विचारलं.
ते म्हणाले, तीन वाजता ट्रक येतोय.

बाबा अजून विचारतात,
जेवताना, मीठ वाढून घेताना.
सुपरमार्केटचं मीठ.
त्याला ते कधी काही म्हणत नाहीत.