आधी स्टूल ओढून घे

स्टोर्नोवेच्या त्या वॉर्डात, चादरींच्या कपाटाच्या दाराला
आतल्या बाजूनं पेन्सिलीनं लिहिलेला एक नंबर आहे.
कपाटाला दोनदा रंग दिला गेला.
दोन्ही वेळा रंगाऱ्यांनी तेवढी वीतभर जागा सोडली.
त्यांना कुणी सांगितलं, ठाऊक नाही.
या बेटावर कुणाची ना कुणाची बायको
इथं येऊन गेलेलीच असते.

नंबर मर्डीनाचा.
निवृत्तीला तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं,
ते तिनं शेजारच्या मेंढपाळाला देऊन टाकलं
आणि जाता जाता हा आकडा लिहिला. खाली एवढंच:
रात्री मी जागीच असते.
खोटं होतं ते. ती नऊला झोपायची.

मी केला होता फोन.
नोकरीचा अकरावा दिवस, पहाटेचे तीन,
वारा असा की बोट दोन दिवस बंदरातच,
सहा नंबरचं पोट पडलं होतं, तिसऱ्यांदा,
आणि मी भांडी धुण्याच्या खोलीत
नळ मोठा सोडून रडत होते.
काय बोलू तिच्याशी?
पलीकडे किटली शिटी घालत होती.
"नाव काय तिचं?"
सहा नंबर, मी म्हणाले.
"जा, विचारून ये. मी धरते फोन."

धरला तिनं. चाळीस मिनिटं.
मी परतून म्हणाले, पेगी-ॲन. तिला खिडकी उघडी हवी होती.
"मग आता माझ्याशी काय काम?"
आणि खट्कन ठेवून दिला.

गुरुवारी तिच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघी-पाचजणी.
दलदलीची माती वाळवून केलेलं जळण शेगडीत,
त्याचा वास गणवेशाला आठवडाभर.
एफुआ घानाहून आलेली, मोजे दोन-दोन घालायची.
मर्डीना ओट्याशी पाठमोरी बोलायची:
'फक्त' हा शब्द चिखलाच्या बुटांबरोबर दाराबाहेर.
फक्त थोडं दुखेल. फक्त दहा आठवड्यांचं होतं.
स्पेक्युलम आधी आपल्या मनगटाला,
मग दुसरीच्या देहाला.
वाईट बातमी उभ्यानं नाही सांगायची. आधी स्टूल ओढून घे.
बसलेल्या माणसाला पटकन पळता येत नाही,
आणि बाईला ते कळतं.

शिकवून झालं की ती ड्रॉवर उघडायची.
चमच्यांखाली एक वही, तिच्या चुकांची.
प्रत्येक नव्या मुलीला त्यातलं एक पान, मोठ्यानं.
माझ्या वाट्याला बहात्तर साल आलं:
'हॅरिसची मुलगी. मी म्हणाले, वय आहे अजून.
ती भिंतीकडे वळली. घरी जाईपर्यंत वळलेलीच.'
मग स्कोन वाढायची. जरा कडकच व्हायचे.

गेल्या महिन्यात तिच्याच अंगावरून जाऊ लागलं,
अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.
मी गाडी काढली. ती वाटभर
माझ्या गिअर बदलण्यावर बोलत राहिली.

पडद्याबाहेर उभी होते मी.
आत एक नवी पोर, टायरीहून आलेली,
तिला मर्डीना कोण, माहीत नव्हतं.
मी सांगितलं नाही.
नळ बराच वेळ वाहत राहिला.
मग फरशीवर स्टुलाचे पाय खरडले.
"तुम्हाला काय म्हणून हाक मारू?"

आत काही हललं नाही.
मग मर्डीनानं आपलं नाव सांगितलं,
एकेक अक्षर सुटं करून,
जणू तेही तिला कुणाच्या तरी फायलीत शोधावं लागलं.

परतताना काचेकडे तोंड.
बंदर मागे पडलं, गिरणी मागे पडली,
मेंढ्या रस्त्यात आडव्या आल्या, गाडी थांबली.
"पाणी जरा कढतच होतं तिचं," ती म्हणाली.
मेंढ्या गेल्या.
"आणि त्या स्टुलाला तेल घाला कुणीतरी."