निळा चौकोन

उलानबातर, जानेवारी. उणे एकतीस.
खिडकीच्या काचेवर गोठलेल्या वाफेत
कुणीतरी बोटाने मांजर काढून ठेवलंय.
चौथ्या मजल्यावर बसून मी
मशीनला दुसऱ्यांचे श्वास मोजायला शिकवते.

शिकवणं कसलं, भरवणंच ते.
सात हिवाळ्यांची हवा, तासातासाची.
वाऱ्याची दिशा. कोळशाच्या पोत्यांचा खप.
आणि इस्पितळांच्या नोंदी, नावं पुसून :
मुलगी, वय दोन, न्यूमोनिया.
मुलगा, वय चार महिने, न्यूमोनिया.
नाव पुसता येतं. चार महिने कसे पुसायचे?

शिकलं बिचारं. भराभर शिकलं.
आता स्वतःच नकाशा रंगवतं –
संध्याकाळी गेरमधल्या चुली पेटतात तिथे लाल,
तिसऱ्या दिवशी दवाखान्याची रांग दाराबाहेर येते
तिथे काळपट लाल,
आणि उत्तरेला, टेकडीच्या पार कडेला
एक निळा चौकोन.
धूर तितकाच.
मुलं आजारी पडत नाहीत.

बैठकीत आनंदीआनंद.
उंचीमुळे असेल, शिनेबायार म्हणाला.
कुणी म्हणे घोडीच्या दुधामुळे.
एकाने तर तिथल्या वाऱ्यावर
शोधनिबंधाची पहिली चार पानं लिहूनही काढली.
माझ्या घशाखाली मात्र
तो निळा रंग उतरेना.

शेवटच्या थांब्यावर बस वळून गेली.
पुढे चढण, राखेने मळलेला बर्फ,
साखळीला बांधलेला, भुंकायचाही कंटाळा केलेला कुत्रा.
मास्कच्या आत माझाच श्वास ओला होऊन
पापण्यांवर पांढरा बसत होता.

दवाखाना म्हणजे एक खोली. चूल तिथेही.
नर्स त्सेंदआयूशने खारट चहा पुढे केला
आणि विचारायच्या आधीच सांगून टाकलं :
कॉम्प्युटर बंद पडला त्याला दोन वर्षं झाली.
रुग्णवाहिका चढावर घसरते, म्हणून येत नाही.
मोठ्या इस्पितळात जायचं तर अख्खा दिवस मोडतो,
मोडलेल्या दिवसाची मजुरी कोण देणार?
मग टेबलाखालून वही काढली.
शाळेची, वर धावता घोडा.
सगळं पेन्सिलीत.
'शाई गोठते,' ती म्हणाली.

आनिर, तीन वर्षं, खोकला. आईने पाठीवर आणली.
उरिनतुया, सात महिने, धाप.
आनिर, पुन्हा.
आनिर, पुन्हा. मोठ्या इस्पितळात न्या असं सांगितलं.
त्यापुढे दुसरी नावं.

मी पानं मोजली. एकशे बारा.
माझ्या मशीनला कुणी खोटं सांगितलं नव्हतं,
कुणी काही सांगितलंच नव्हतं,
आणि त्या मुकेपणाला ते
निरोगी समजून बसलं होतं.
तसं शिकवलेलं मीच.

आता रात्री एकेक ओळ टाइप करते.
चौकोन जांभळा झालाय, अजून लाल व्हायचाय.
अचूकता घसरली म्हणून शिनेबायार वैतागलाय.
'न्या असं सांगितलं'
याला कोणता आकडा द्यायचा
हे माझं ठरत नाही. तो रकाना
तसाच मोकळा ठेवलाय.

शुक्रवारच्या आत वही परत पोचवायची आहे.
तिच्याकडे दुसरी नाही.